चार आठवडे थांबायचं ते कशासाठी?

प्रश्न : माझं वय २९. लग्नाला पाच वर्षं झाली, आणि पहिल्यांदाच दिवस राहिले ते जुळ्यांचे. एनटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘मोनोकोरिऑनिक डायअम्निऑटिक’ असं लिहिलं होतं. १९व्या आठवड्यात दोन्ही बाळं ठीक होती, फक्त एकाचं वजन जरा कमी. २२व्या आठवड्यात सोनोग्राफीला गेले तेव्हा त्या लहान बाळाचे ठोके मिळाले नाहीत. त्याला आज बारा दिवस झाले. दुसऱ्या बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत, डॉपलरही नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणतात, चार आठवड्यांनी बाळाच्या मेंदूचा एमआरआय करू, तोवर दर आठवड्याला तपासणीला या. सासूबाई म्हणतात, मेलेल्या बाळाचं विष दुसऱ्याला बाधेल, आत्ताच मोकळी हो. मावसभाऊ परदेशात असतो, त्याचं म्हणणं, एमआरआय करायचाच तर आजच का नाही, डॉक्टर चालढकल करतायत. मला दोघांचंही खरं वाटतं. एमआरआयचीही भीती वाटते. त्यात काही निघालं तर? आणि आणखी एक. मागच्या महिन्यात आम्ही ज्योतिबाला जाऊन आलो, मी पायऱ्या चढले. त्यामुळे तर झालं नसेल ना?
– एक आई, सातारा जिल्हा

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलं, कारण तुमच्या हातातले दिवस मोजके आहेत. इथे तेच जरा विस्ताराने लिहिते. अशी पत्रं वर्षातून दोन-तीन तरी येतात, आणि जवळपास प्रत्येकात ते विष असतंच.

पण आधी जे बाळ गेलं त्याच्याबद्दल. त्याच्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि लगेच दुसऱ्याच्या काळजीला लागलात. घरातही सगळे ‘एक तरी आहे ना’ म्हणत असतील. प्रेमानेच म्हणतात, पण त्या वाक्यानंतर आईला रडायला जागा उरत नाही. गेलं ते तुमचं मूल होतं. तुम्ही रडलात म्हणून पोटातल्या बाळाला काही होत नाही. मनात दाबून ठेवू नका.

आता विषाचं. सासूबाईंवर चिडू नका. मी शिकत होते तेव्हा आमच्या पुस्तकांतसुद्धा जवळपास हेच लिहिलेलं असायचं. मृत बाळाच्या शरीरातून रक्त गोठवणारे पदार्थ सुटतात, सामाईक वारेतून (प्लॅसेंटातून) ते दुसऱ्या बाळाकडे जातात आणि त्याच्या मेंदूत गुठळ्या अडकतात, असं आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. शब्द डॉक्टरी होते, अर्थ सासूबाईंचाच. मग १९९०च्या दशकात काही ठिकाणी डॉक्टरांनी एका बाळाच्या मृत्यूनंतर लगेच दुसऱ्या बाळाच्या नाळेतून रक्त घेऊन तपासलं. गोठण्याचा दोष त्यात सापडला नाही. सापडला तो रक्तक्षय. बाळाच्या अंगातलं रक्तच कमी झालेलं होतं.

ते जातं कुठे? तुमच्या रिपोर्टवरच्या त्या लांबलचक शब्दात त्याचं उत्तर आहे. मोनोकोरिऑनिक डायअम्निऑटिक म्हणजे पाण्याच्या पिशव्या दोन, पण वार एकच. या एका वारेवर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एरवी त्यांच्यातून रक्ताची थोडीफार देवाणघेवाण चालूच असते. एका बाळाचं हृदय थांबलं की त्याच्या बाजूचा दाब शून्यावर येतो. बांध फुटल्यावर पाटाचं पाणी खालच्या वावरात धावतं ना, तसं दुसऱ्या बाळाचं रक्त त्या बाजूला ओढलं जातं. त्याचा रक्तदाब एकदम उतरतो आणि तेवढा वेळ मेंदूला रक्त पुरत नाही. मृत बाळाकडून जिवंत बाळाकडे काहीच येत नाही. जातं ते उलट्या दिशेने.

हे सगळं घडतं काही मिनिटांत, फार तर काही तासांत. सासूबाईंना समजावताना एवढं एकच नीट सांगा. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी प्रोब फिरवता फिरवता बोलणं थांबवलं, त्या क्षणाच्या आधीच जे व्हायचं ते झालं होतं, किंवा काहीच झालं नव्हतं. मृत बाळ आत राहिल्याने त्यात रोज भर पडत नाही. आज सिझर करून दुसरं बाळ बाहेर काढलं तर मागे घडलेलं काही पुसलं जाणार नाही, उलट २४व्या आठवड्यातलं, जेमतेम सहाशे ग्रॅमचं, फुप्फुसं तयार नसलेलं बाळ जगवण्याची लढाई अंगावर येईल. मेंदूला इजा झाली असेल की नाही ही शंका आहे. इतक्या लवकर जन्मण्याचा धोका मात्र खात्रीचा आहे. शंकेपोटी खात्रीचा धोका पत्करू नये.

मी नवीन होते तेव्हा एका ठिकाणी हेच झालेलं पाहिलं आहे. २७वा आठवडा, नातेवाईक दाराशी, ‘विष चढतंय, काढा’ म्हणून एकच गलका. वरिष्ठांनी काढलं. बाळाने तीन दिवस झुंज दिली, ती श्वासासाठी. त्याच्या मेंदूचं काय झालं होतं ते कुणाला कळलंच नाही, तपासायची वेळच आली नाही. ती आई चौथ्या दिवशी रिकाम्या हाताने एसटीत बसली. म्हणून या विषावर मी इतकं लिहिते.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्याचा एक बारीकसा अंश आहे, तोही सांगते. मृत गर्भ पोटात बरेच आठवडे राहिला तर क्वचित आईच्या रक्ताच्या गोठण्यात फरक पडू शकतो. जुळ्यांमध्ये हे फारच विरळा. तरी डॉक्टर अधूनमधून तुमच्या रक्तातल्या प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठायला लागणारे घटक, तपासतील, ते एवढ्यासाठीच. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारून घ्या.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण हे वाचून भलतीच कुणी घाबरायला नको. ज्या जुळ्यांची वार वेगवेगळी असते त्यांच्यात रक्तवाहिन्या सहसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे तिथे दुसऱ्या बाळाच्या मेंदूला असा धोका फारच कमी. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सगळ्यात स्पष्ट कळतं. तो रिपोर्ट जुळ्यांच्या आईने बाळंतपणापर्यंत जपून ठेवायचा. आणि पहिल्या तीन महिन्यांतच दोघांपैकी एक गर्भ विरून गेला असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

आता तुमच्या मावसभावाचा प्रश्न. एमआरआय आजच का नाही?

तुमच्या घरी ऊस आहे की नाही मला माहीत नाही, पण तुमच्या भागात हुमणी सगळ्यांना माहीत असते. हुमणीने मुळं खाल्ली तरी वरची पानं काही दिवस हिरवीगारच दिसतात. बांधावरून बघणारा म्हणतो, प्लॉट झकास आहे. पुढे पानं पिवळी पडतात, ऊस वाळतो, आणि मग कुठली बेटं गेली ते दिसतं. मेंदूचंही तसंच. रक्त कमी पडून एखादा भाग मेला तरी पहिल्या दिवसांत तो सोनोग्राफीत आणि साध्या एमआरआयमध्ये शेजारच्या भागासारखाच दिसू शकतो. मग शरीर तो मेलेला भाग हळूहळू साफ करतं. तिथे पोकळी होते, पोकळीत पाणी भरतं, आजूबाजूचा मेंदू आक्रसतो आणि मेंदूच्या आतल्या पाण्याच्या जागा, ज्यांना व्हेंट्रिकल म्हणतात, त्या रुंदावतात. याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात मेंदूची तपासणी मृत्यूनंतर चार ते सहा आठवड्यांनी करायला सांगितलेली आहे. तुमचे डॉक्टर चालढकल करत नाहीत. आज एमआरआय केला आणि ‘नॉर्मल’ आला तर तुम्ही पेढे वाटाल, आणि तो नॉर्मल कदाचित हिरव्या पानांचा असेल.

मावसभाऊ अगदीच चुकीचं बोलत नाही. डिफ्यूजन नावाचा एमआरआयचा एक प्रकार आहे, त्यात ताजी इजा पहिल्या आठवड्याभरात दिसू शकते, आणि काही मोठ्या केंद्रांत तो करतातही. पण त्याची खिडकी लहान असते. दहाएक दिवसांनंतर ती खूण पुसट होते. तुमचे बारा दिवस उलटलेत, शिवाय बाळ नेमकं कधी गेलं तेही पक्कं माहीत नाही. सोनोग्राफीत कळलं तो दिवस आणि प्रत्यक्ष गेलं तो दिवस एकच असतील असं नाही. आणि तो लवकरचा एमआरआय नॉर्मल आला असता तरी चार आठवड्यांनी पुन्हा करावाच लागला असता.

म्हणजे हे चार आठवडे हातावर हात धरून बसायचे असं नाही. तुमच्या डॉपलरच्या, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘एमसीए पीएसव्ही’ म्हणून आकडा असेल. बाळाच्या मेंदूतल्या एका मुख्य धमनीतून रक्त किती वेगाने वाहतं त्याचं ते माप. अंगात रक्त कमी असलं की ते पातळ होतं आणि जास्त वेगाने धावतं. त्या वयाच्या बाळाच्या नेहमीच्या वेगाच्या दीडपटीवर आकडा गेला तर रक्तक्षयाची शंका घेतात. तुमचा आकडा नॉर्मल आला ही चांगली खूण आहे. त्याने मेंदूची हमी मिळत नाही, पण बाळाचं फार रक्त त्या बाजूला गेलं नसण्याकडे तो बोट दाखवतो. ही तपासणी पहिल्या एक-दोन दिवसांतली असेल तर तिला जास्त वजन, तेव्हा रिपोर्टवरची तारीख बघा आणि डॉक्टरांना विचारा.

या काळात मेंदूची बारकाईने सोनोग्राफीही व्हायला हवी, तिला न्यूरोसोनोग्राफी म्हणतात. बाळ डोक्याने खाली असेल तर खालच्या मार्गाने केलेल्या सोनोग्राफीत मेंदू फार सुंदर दिसतो, आणि हात तयार असेल तर ती एमआरआयच्या जवळपास जाते. आतून करायची म्हणून पुष्कळ बायका नाही म्हणतात. तुम्ही नाही म्हणू नका. व्हेंट्रिकलची रुंदी दर वेळी मोजली जाते. १० मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. एका मापापेक्षा दोन-तीन भेटींमधली मापं एकाशेजारी एक ठेवून बघितली की जास्त कळतं, म्हणून शक्यतो एकाच डॉक्टरांकडून करा. घरच्या सोयीने कधी या गावात, कधी त्या गावात असं नको.

मग सोनोग्राफी इतकी चांगली तर एमआरआय कशाला? काही गोष्टी एमआरआयमध्येच नीट दिसतात म्हणून. मेंदूच्या पांढऱ्या भागातले बारीक व्रण, जुना रक्तस्राव, आणि मुख्य म्हणजे घड्या. २२व्या आठवड्यात बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो. पुढच्या आठवड्यांत त्याला घड्या पडत जातात, आणि नवव्या महिन्यापर्यंत तो अक्रोडासारखा होतो. तुमच्या बाळाच्या बाबतीत जर काही झालंच असेल तर ते या घड्या पडायच्या आधी झालंय, आणि त्या वयात रक्त कमी पडलं तर एखाद्या भागात घड्या फार लहान-लहान आणि दाटीने पडू शकतात. हे २६व्या आठवड्यात पुरतं कळत नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर डॉक्टरांना विचारलं असतं की चार आठवड्यांनंतरच्या एमआरआयखेरीज ३०-३२ आठवड्यांना आणखी एकदा बघायचं का. पहिला अगदी स्वच्छ आला तर कदाचित ते म्हणतील, सोनोग्राफी पुरे. थोडी जरी शंका असली तर दुसरा करावा.

एमआरआयची भीती बाळाच्या दृष्टीने ठेवू नका. त्यात एक्स-रे नसतात, लोहचुंबक आणि रेडिओलहरी असतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १४ लाखांवर बाळंतपणांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झालेल्या एमआरआयमुळेही बाळांचं नुकसान झाल्याचं त्यात दिसलं नाही. त्याच अभ्यासात गॅडोलिनियम या शिरेतून देण्याच्या औषधाबद्दल मात्र इशारा निघाला. बाळाच्या मेंदूच्या एमआरआयला ते लागतच नाही. कुणी सुई घेऊन आलं तर स्पष्ट विचारा, कशासाठी?

आता आकडे. तुम्ही विचारले नाहीत, पण रात्री मोबाइलवर शोधत असाल हे मला माहीत आहे. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. एक वार असलेल्या जुळ्यांपैकी एक गेल्यावर दुसरंही जाण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के निघालं, आणि राहिलेल्या बाळांमध्ये मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचणी सुमारे २६ टक्क्यांमध्ये. २०१९ मध्ये याच विषयाचा पुन्हा आढावा घेतला गेला. त्यात दुसऱ्या बाळाच्या मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आलं, ४१ टक्के, पण मेंदूच्या अडचणींचं २९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आधीच्या जवळच राहिलं. गर्भात असतानाच मेंदूच्या तपासणीत काही सापडलं ते पाचांपैकी एका बाळात. हे आकडे मोठे आहेत, मी ते लहान करून सांगणार नाही. पण ते वाचावेत कसे, तेही सांगते. दुसऱ्या बाळाचे मृत्यू बहुतेक पहिल्या बाळाबरोबरच किंवा लगोलग होतात, आणि तुमचं बाळ बारा दिवसांनंतर ठणठणीत ठोके देतंय. शिवाय वाईट घडलेल्या केसेस डॉक्टर जास्त हौसेने लिहून छापतात, सुखरूप घरी गेलेल्या बाळावर कुणी लेख लिहीत नाही, त्यामुळे अशा एकत्र केलेल्या आकड्यांचा कल काळ्या बाजूला असतो. चार-सहा आठवड्यांनी एमआरआय स्वच्छ आला तर तुमच्या बाळाचा धोका या आकड्यांपेक्षा पुष्कळ खाली येतो. शून्यावर मात्र येत नाही. असं शून्य कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि काही निघालंच तर? ‘काहीतरी निघालं’ यात फार काय काय येतं. एका बाजूचं व्हेंट्रिकल ११ मिलिमीटर, बाकी सगळं व्यवस्थित, हेही काहीतरीच. आणि दोन्ही बाजूंच्या मेंदूचा मोठा भाग जाऊन तिथे पाण्याच्या पोकळ्या, हेही काहीतरीच. पहिल्यातली पुष्कळ मुलं शाळेत जातात, मारामाऱ्या करतात. दुसऱ्यात चालणं, बोलणं, गिळणं, फिट्स या सगळ्याचा गंभीर प्रश्न असतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की शब्द गुगलवर टाकायचे नाहीत. रेडिओलॉजिस्ट, तुमचे गर्भतज्ज्ञ आणि लहान मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ, निदान या तिघांचं म्हणणं एकत्र ऐकायचं, आणि नवऱ्याला बरोबर न्यायचं. एकटीने ऐकून घरी येऊन सगळ्यांना समजावत बसायची वेळ स्वतःवर आणू नका. इजा मेंदूच्या कुठल्या भागात आहे, एका बाजूला की दोन्ही, चार आठवड्यांत वाढली की तेवढीच राहिली, हे तीन प्रश्न नक्की विचारा.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण तुम्ही नेमक्या त्या उंबरठ्यावर आहात. २०२१च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची परवानगी आहे. त्यापुढे बाळात गंभीर दोष असेल तर राज्याने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. तुमचा एमआरआय २६व्या-२७व्या आठवड्यात होईल, म्हणजे फार गंभीर इजा निघाली आणि तुम्हा दोघांना तसं वाटलं, तर रस्ता मंडळाकडून जातो. तो रस्ता आहे एवढं माहीत असलं म्हणजे आज, काहीच माहीत नसताना, घाईने निर्णय घ्यायची गरज उरत नाही. त्या रस्त्याने जायचं की नाही हे तुमचं आणि तुमच्या नवऱ्याचं. त्यात सासूबाई, मावसभाऊ आणि मीसुद्धा मध्ये येत नाही.

सगळं नीट चाललं तर बाळंतपण कधी? एक वार आणि एक बाळ गेलेलं असताना बहुतेक डॉक्टर ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण करायचं बघतात, आधी फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन. कळा आपसूक लवकर सुरू व्हायची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, म्हणून नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय आतापासून ठरवा. रात्री दोन वाजता ‘कुठे न्यायचं’ ही चर्चा नको. जन्मानंतर बाळाचं हिमोग्लोबिन, टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी आणि गरज पडली तर पुन्हा एमआरआय होईल. पुढे दोन वर्षांपर्यंत वाढीच्या तपासण्या चुकवू नका. तिसऱ्या महिन्यात बाळ हातपाय कसे हलवतं त्यावरून जाणकार डोळ्यांना पुष्कळ कळतं, आणि फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होते तितका उपयोग जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, ती मोफत असतात. शहरात जायलाच हवं असं नाही.

ज्योतिबाच्या पायऱ्यांचं. नाही, ताई. त्यामुळे नाही झालं. १९व्या आठवड्यातच एका बाळाचं वजन कमी होतं, तुम्हीच लिहिलंय. एक वार दोघांत वाटली जाते तेव्हा वाटणी कधीकधी सारखी होत नाही. एकाला मोठा हिस्सा, एकाला लहान, किंवा एकाची नाळ वारेच्या अगदी कडेला चिकटलेली. काही जुळ्यांत दोघांमधली रक्ताची देवाणघेवाणच एकतर्फी होते. हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरून गेलेलं असतं, तुम्हाला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आधी. तुम्ही पायऱ्या चढलात, एसटीने गेलात, कढीपत्ता खाल्लात, यातल्या कशानेही ती वाटणी बदलली नसती. कुणी घरात तसं सुचवत असेल तर हा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

गेलेलं बाळ आता तुमच्या पोटातच राहील. त्याच्याभोवतीचं पाणी आटेल, ते आक्रसेल आणि पिशवीच्या एका बाजूला चपटं होऊन राहील. बाळंतपणात वारेबरोबर येईल. त्या वेळी त्याला बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि आधीच सांगून ठेवा, नाहीतर गडबडीत कुणी विचारणार नाही. बघितलं तर ते तुमच्या मनातल्या बाळासारखं दिसणार नाही, हे माहीत असू द्या. काही आया बघतात, काही कापडात गुंडाळलेलं नुसतं हातात घेतात, काही नको म्हणतात. तिन्ही बरोबर आहे.

एमआरआयच्या दिवशीही ते चित्रात दिसेल. तुम्हाला ते नको असेल तर आत जातानाच टेक्निशियनला सांगा, पडदा माझ्याकडे वळवू नका. रिपोर्टवर दोघांचा वेगळा उल्लेख असेल, तो बघून दचकू नका. मुलगा की मुलगी हे एमआरआयमध्येही सांगत नाहीत, कायद्याने बंदी आहे, तेव्हा घरच्यांपैकी कुणाला ते विचारायला लावू नका.

केंद्र निवडताना मशीन किती मोठं ते विचारू नका. ‘गर्भातल्या बाळाच्या मेंदूचे एमआरआय तुमच्याकडे कोण वाचतं, वर्षाला किती वाचतं’ हे विचारा. मोठ्यांच्या मणक्याचे एमआरआय दिवसभर वाचणाऱ्याला २६ आठवड्यांचा मेंदू वाचता येईलच असं नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईपर्यंत जावं लागलं तर जा. झोपवल्यावर चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, डाव्या कुशीवर वळवून करता येतो. अर्धा-पाऊण तास लागतो, आवाज हातोडा मारल्यासारखा होतो, कानात बोळे देतात. बाळ हललं की चित्र पुसट होतं आणि तो भाग पुन्हा घेतात, त्यामुळे जास्त वेळ लागला म्हणजे काहीतरी सापडलं असं समजू नका. मंगळसूत्र, बांगड्या, पदराच्या आणि ब्लाउजच्या टाचण्या, केसांतल्या पिना, सगळं बाहेर काढून ठेवायचं. एक टाचणी राहिली म्हणून मशीनखालून परत उठलेल्या बायका मी पाहिल्यात. आणि जोडवी आदल्या रात्रीच साबण लावून काढा. सातव्या महिन्यात पाय सुजतात, ऐनवेळी ती निघत नाहीत.